समोरच्याचा डिपर

इंग्लंडात वॉटफर्डला लेकाकडे पाहुणे आलेले शशिधरराव त्याची गाडी घेऊन बायकोसोबत गावाबाहेरच्या अरुंद रस्त्याला लागले, तोच समोरून घराएवढा ट्रक आला. कडेच्या निळ्या पाटीवरचा मोठा पांढरा बाण सांगत होता की आधी जायचा मान तुमचा. तेवढ्यात ट्रकने डिपर मारला. नाशिकला उभा जन्म गाडी हाकलेल्या माणसाला डिपरचा अर्थ कोण शिकवणार? 'बाजूला हो, नाहीतर चिरडतो!'

"अहो, मागे घ्या!" सुप्रभाताई किंचाळल्या.

"अगं, पाटी आपल्या बाजूने आहे."

"पाटी काय ट्रकपुढे आडवी पडणारे?"

शशिधररावांनी गाडी मागे घेतली. ट्रक पुढे सरकला, पुन्हा डिपर. असं करत दोन गावं उलटी मागे गेली आणि शेवटी गाडी झुडपात रुतली. ट्रकमधून पहिलवानासारखा गडी उतरला. शशिधररावांनी दारं लॉक केली आणि काचेआडूनच हात जोडले.

 

तो पांढराफटक पडून म्हणाला, "साहेब, लाइट दाखवून मी 'आधी तुम्ही या' म्हणत होतो. तुम्ही मागेच पळताय म्हणून मीही पळालो. खरं सांगा, माझ्या पाठीमागे आहे तरी काय?"