वावर गोड झालं

दूरदेशी लढाई पेटली आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. सूर्यभाननं पूर्णा नदीकाठच्या पाणथळीतलं सगळं लव्हाळं उपटलं आणि तिथं कपाशी पेरली. पाणी आटत गेलं तशी जमीन मिठानं पांढरी पडली. बी उगवेना. रोज सकाळी तो मातीची चिमूट जिभेवर ठेवून पाही.

"खारीच," म्हणून थुंके.

घरी त्याची बायको सुभद्रा चार महिन्यांच्या लेकीची टाळू तेलानं भरत असे. एके दिवशी त्या मऊ, धडधडत्या जागेवर तिला पांढुरका थर दिसला.

"खपली हाये व," सासू मैनाबाई हसली. "सूर्यभानलेबी होती. कावून इतकी घाबरून राह्यली?"

सुभद्रेनं तो थर पुसून काढला. दुसऱ्या दिवशी तो कपाळापर्यंत उतरला होता. तिसऱ्या दिवशी लेकीनं दूध तोंडात घेतलं नाही. मैनाबाईनं नातीला मांडीवर घेतलं, पण आता ती हसली नाही.

तेवढ्यात सूर्यभान धावत अंगणात आला. त्याच्या मुठीत काळीभोर माती होती.

"आई, चाखून पाह्य! आपलं वावर गोड झालं! रातीतून सारं पांढरं गेलं, कपाशी उगवून राह्यली!"

मैनाबाईनं माती चाखली. खरंच गोड होती. तिनं हळूच सुनेकडे पाहिलं.

सुभद्रेनं लेकीच्या टाळूवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.