फळीचं माप

मोहरी गॅसच्या शेजारी, जिरं तिला लागून, हळद आणि मीठ अगदी हाताशी. मीनाक्षीनं डबे मांडले, मागं सरून बघितलं आणि नवऱ्याला पुन्हा हाक मारली. आकाराम हातातला पेपर न सोडताच आला. तिनं त्याला कांदा-लसणाच्या चटणीची बरणी दाखवली. भाजी कुठलीही असू दे, ही चमचाभर पडली की निम्मं काम झालं, असं तिनं अगदी सहज सुचल्यासारखं सांगितलं. तो "व्हय" म्हणाला आणि परत पेपरात डोकं घालून निघून गेला.

या माणसाला एकट्याला टाकून जायचं कसं?

मीनाक्षी शाळेत शिकवत होती. तिच्या संस्थेनं तिला गडहिंग्लजच्या मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं आणि सोमवारपर्यंत काय ते कळवायचं होतं. एसटीनं रोज जाऊन-येऊन करणं या वयात झेपणार नव्हतं. म्हणजे आठवडाभर तिकडंच राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात परतायचं. या खुर्चीची तिनं उभी नोकरी वाट बघितली होती. मागं एकदा अशीच संधी आली, तेव्हा लेक अदिती लहान म्हणून सोडून दिली. आता अदिती पुण्यात नोकरी करत होती. अडचण एकच उरली होती आणि ती रोज सकाळी डोळे उघडायच्या आत चहा मागत होती.

आकाराम कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीचा सुपरवायझर होता, नुकताच निवृत्त झालेला. गडी उंचापुरा, डावखुरा, हाताला एकदम पक्का. पण स्वयंपाकघरात शिरला की काखेत कळसा आणि गावाला वळसा. साखरेचा डबा नाकासमोर असायचा आणि हा फ्रिज उघडून बघायचा. अर्थात दोष सगळा त्याचा नव्हता. पुरुष माणूस ओट्याशी आला की पसारा करतो, असं मीनाक्षीचं ठाम मत होतं. लग्न झाल्यापासून तिनं त्याला साधं दूध तापवू दिलं नव्हतं. आता ते मत तिच्याच अंगाशी आलं होतं.

तो नको म्हणाला असता तर ती भांडली असती, भांडणात ती कधीच हरत नव्हती. भीती वेगळीच होती. तो जा म्हणणार आणि मागं रोज मिसळीवर दिवस काढणार. मग तिला तिकडं घास कसा गोड लागणार?

म्हणून तिनं बेत केला. आधी स्वयंपाकघर लावायचं आणि मग तोंड उघडायचं. शेवयाचा साचा, पाहुण्यांची ताटं, कुरडयांचे डबे माळ्यावर गेले. रोजचं तेवढंच खाली राहिलं. शेजारच्या शाहिस्ताभाभी कोथिंबीर द्यायला आल्या आणि तो लखलखीत ओटा बघून, घरात सून येणार आहे काय, म्हणून विचारून गेल्या. मीनाक्षी नुसती हसली. खरं सांगायची तिची अजून छाती होत नव्हती.

राहिली होती एक फळी. चहा, साखर, पोहे आणि रवा तिच्यावर ठेवायचे होते. मीनाक्षी आकारामच्या खांद्यालाही लागत नव्हती. फळी मारणार होता तोच, पण त्याच्या सोयीनं मारायला सांगावी, तर एवढी उंच कशाला, म्हणून तो विचारणार. तेव्हा तिनं मुकाट्यानं आपल्या हाताच्या मापानं भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली. बिचारा वाकून घेईल, असं मनाशी म्हणाली आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेला गेली.

दुपारी घरी आली तर फळी लागली होती. रेघेच्या चांगली वीतभर वर. मीनाक्षीनं टाचा उचलल्या, तरी बोटं फळीच्या खालच्या अंगालाच टेकली. सांडशीचा खिळासुद्धा गॅसच्या भलत्याच बाजूला, डावीकडं मारला होता. तिचं डोकंच फिरलं. फौंड्रीत मापं अशीच घेत होता काय, असली कामं करून पगार कसा मिळाला, असं बरंच काही ती बोलली. आकाराम ड्रिलची वायर शांतपणे गुंडाळत राहिला.

"रेघ दिसली न्हाय व्हय तुम्हाला?"

"दिसली की. तुझ्या मापाची हुती."

"मग माझ्याच मापाची पायजे न्हवं? आता माझा हात पोचत न्हाय."

"तुझा कशाला पोचाय पायजे?" आकारामनं टाच न उचलता डाव्या हातानं साखरेचा डबा खाली घेतला आणि पातेल्यात पाणी ओतलं. "तुझ्या हेडमास्तरनी मंडईत गाठून पेढं मागितलं मला. आठ दिस झालं, आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघतोय, आणि तू मला मोहरी दावतीयास."

मीनाक्षी ओट्याला टेकून उभी राहिली. तिला लाज वाटली, हसू आलं आणि डोळेही भरून आले. इतक्या वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. तरी तिनं हळूच विचारलं, राग तर नाही ना आला?

"राग कशाचा? सोमवारी व्हय म्हणून कळीव," तो गॅस पेटवत म्हणाला. "हितनं फुडं च्या मी करणार. मग फळी कुणाच्या मापानं मारू?"