तीनशे चाळीस मीटर

“पक्षी कोणता ते सांगा मावशी, मग लेन्स ठरवू,” दुकानदार म्हणाला.

“बगळा,” धाकटी म्हणाली. सत्तरी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. “एकच आहे. तळ्यापलीकडच्या गच्चीवर सकाळी येतो. मान कायम ताठ. हट्टी म्हणजे महाहट्टी.”

दुकानदार हसला. तुमच्या त्या तळ्यावरचे पक्षी सगळे हट्टीच दिसतात, असं काहीसं पुटपुटत त्याने कपाटातून तीन लेन्स काढून टेबलावर मांडल्या. धाकटीचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती मनात अंतर मोजत होती.

खरं तर ते तिला पाठच होतं. तीनशे चाळीस मीटर. तीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढलेली बाई ती. तिची गॅलरी आणि ताईची गच्ची यांच्यामधलं पाणी तिने कागदावर कितीदा तरी ओलांडलं होतं. तळ्याला वळसा घालून ताईच्या दारात जाऊन मात्र दोन वर्षं झाली होती.

ताई न्हाणीघरात घसरली तेव्हा धाकटी बॅग भरून तिच्याकडे राहायला गेली. आठ दिवसांत तिने न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, गालिचे गुंडाळले, वरच्या फळीवरचे डबे खाली आणले आणि ताईची आवडती उंच खुर्ची माळ्यावर टाकली. नवव्या दिवशी ताई म्हणाली, “मी अजून जिवंत आहे. मला बघायला येऊ नकोस.” धाकटीने बॅग भरली. बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, यात दोघी एकमेकींना हार जाणाऱ्या नव्हत्या. तेव्हापासून येणंजाणं बंद, फोनही बंद.

एवढंच उरलं होतं की रोज सात वाजता ताईच्या दोरीवर पिवळा टॉवेल यायचा. म्हणजे ताई उठली. धाकटी गॅलरीत उभी राहून त्याची वाट बघायची. पिवळा ठिपका दिसला की आत जाऊन चहाचं आधण ठेवायची.

गेला महिनाभर टॉवेल उशिरा येत होता. कधी साडेसात, कधी आठ. काल तर सव्वाआठ. ताईचा मुलगा दूरदेशी. त्याला फोन केला तर म्हणाला, आई ठीक आहे म्हणते. मनगट मोडलं होतं तेव्हाही ताई ठीकच होती. आणि टॉवेल काय, कामवालीही वाळत घालते.

त्याच भाच्याने आईला आणि मावशीला एकसारखे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे पाठवले होते. उगीच भांडण नको. लहानपणी दोघींचे फ्रॉकही याच भीतीने एका ताग्यातून शिवले जायचे. धाकटीने आपला कॅमेरा काल पहिल्यांदा खोक्यातून काढला.

पहिली लेन्स सत्तर ते दोनशे मिलिमीटरची; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसायचं. धाकटीने ती कॅमेऱ्याला लावून रस्त्याच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीकडे रोखली. टाकीवर काहीतरी होतं, एवढंच कळलं. दुसरी शंभर ते चारशेची. टाकीवर कबुतर होतं. ही हलकी आहे, रोज वापरायला बरी, असं दुकानदार तिच्या बारीक मनगटाकडे बघत म्हणाला. तिसरी दोनशे ते सहाशेची. ती उचलताना धाकटीचा हात थरथरला, पण कबुतर एका पायाने लंगडत होतं हे दिसलं.

दुकानदार भला माणूस. हात हलला तरी चित्र हलत नाही, आत तशी सोय आहे, कठड्यावर उशी ठेवून टेकवा, असं त्याने समजावलं. पण बगळ्याला चारशेची पुरे, उगाच दोन किलोंचं ओझं कशाला, असंही प्रामाणिकपणे सांगितलं.

“नुसता दिसून उपयोग नाही,” धाकटी म्हणाली. “पाऊल कसं टाकतो ते बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिने कठड्यावर उशी ठेवली आणि उशीवर सहाशेची लेन्स. या गडबडीत गारठ्यात डोक्याला काही बांधायचं राहिलं. पाणी सरकलं, झाडं सरकली, ताईची दोरी आली. रिकामी. तिने लेन्स जराशी खाली घेतली.

ताई बसली होती. माळ्यावरून काढलेल्या त्याच उंच खुर्चीत. तिच्यासमोर तीन पायांचा स्टँड होता, स्टँडवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याची भलीमोठी काळी लेन्स थेट धाकटीकडे रोखलेली.

दोघी हलल्या नाहीत. मग ताई उठली. काठी नाही, लंगडणं नाही, पाठ पट्टीसारखी सरळ. गच्चीच्या कडेला येऊन तिने दोन्ही तळवे कानांवर ठेवले आणि हनुवटीखाली हवेतच गाठ मारली. लहानपणी धाकटी शाळेत निघताना रोज दारात उभी राहून करायची, तशी.

धाकटी आत गेली. कान बांधून आली.

ताई पुन्हा खुर्चीत बसली होती. स्टँड नीट करताना तिची लेन्स क्षणभर आडवी झाली, तेव्हा ती धाकटीच्या लेन्सपेक्षा चांगली वीतभर लांब दिसली. थोरलेपण कुठे सोडते ती. टॉवेल मात्र अजून तिच्या मांडीवरच होता, घडीही न मोडलेला. तो दोरीवर गेला की धाकटी आत जाते, हे ताईला ठाऊक होतं.

त्या दिवशी टॉवेल साडेनऊला वाळत पडला.