नांदेडची शेवटची जागा

फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. ‘बदल हवा’ आणि ‘बदल नको’. काकासाहेबांनी पेन ‘नको’कडे नेलं, तेव्हा समोर बसलेल्या त्यांच्या मोठ्या भावजयीनं, नंदाबाईंनी, पुढे वाकून पाहिलं.

मेडिकलच्या पहिल्या फेरीत काकासाहेबांच्या रजनीला नांदेड मिळालं होतं. मराठवाड्यातल्या ओबीसी मुलांसाठीची तिथली ती शेवटची जागा. तिच्या पाठोपाठ, वेटिंगवर पहिलं नाव नंदाबाईंच्या लेकीचं, सत्यशीलाचं. रजनी हलली तर सत्यशीला आत. दुसऱ्या फेरीसाठी मुंबईत दोन जागा मोकळ्या झाल्या होत्या आणि रजनीचा नंबर तिथं आरामात लागत होता. फॉर्म आजच साडेचारच्या टपालानं परतूरच्या पोस्टातून जायला हवा होता.

“भाऊजी, मुंबई काय वाईट हाय?” नंदाबाई म्हणाल्या. “एवढी हुशार पोर. नांदेडात कशाला अडकवून ठेवता?”

चहा गाळता गाळता रजनीची आई, उषाबाई, थांबल्या.

“आमची पोर हुशार कवापासून झाली, जाऊबाई? परवा शेजारच्या चतुराबाईच्या दारात तर म्हणत होत्या, डोकं बेताचंच, नंबर लागला नशिबानं.”

उषाबाईंनी गाळणी खाली ठेवली.

“आन् मुंबईला पोरी टाकू नका, हाताबाहेर जातात, हे कोण म्हणल्तं? पहिल्या फेरीला मुंबई समोर दिसत होती. तुमचं ऐकून आम्ही नांदेड घेतलं.”

ते खरं होतं. रजनी मुंबईची डॉक्टर होऊन परतूरला परत येईल, पेपरात फोटो येईल, हा नुसता विचारही नंदाबाईंना सोसला नव्हता. म्हणून त्या आठवडाभर रोज येऊन मुंबईबद्दल काहीबाही सांगत राहिल्या. रजनीनं मुंबई सोडली की ती खाली नांदेडात येणार आणि त्यांच्याच लेकीची जागा धरून बसणार, एवढा हिशेब काही त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मुंबईची ती जागा नाशिकच्या कुण्या पोरानं घेतली.

काकासाहेबांनी चष्मा काढला.

“वहिनी, एक सांगा. तवा खरं बोलल्या, का आज बोलून राह्यल्या?”

आतल्या दारात रजनी येऊन उभी राहिली होती. नंदाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी.

“तवा खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “जळत होते म्हणून. आज माझ्या पोरीसाठी बोलून राह्यले. मुंबई तवाबी चांगली होती, आताबी हाय.”

उषाबाईंनी नवऱ्याच्या हातातलं पेन काढून रजनीला दिलं.

“तुझं तू भर. कुणाचं बिलकुल ऐकू नको. माझंबी न्हाई.”

रजनीनं ‘हवा’वर खूण केली. खाली पहिल्या पसंतीला मुंबई लिहिलं. अक्षर टपोरं होतं. लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं. नंदाबाईंना ते बघवेना. त्या उठल्या.

घरी सत्यशीला उंबऱ्यातच उभी होती.

“काय लिहिलं?”

“मुंबई.”

“मंग माझं नांदेड बराबर लागंल.”

“लागंल.”

नंदाबाईंनी पाय धुतले. तांब्याभर पाणी प्यायल्या. मग लेकीकडे वळल्या.

“तिला मुंबई, आन् तुला नांदेड,” त्या म्हणाल्या. “अभ्यास तर दोघींनी संगंच केल्ता ना गं?”