चौदाव्यांदा सापडलेलं माणिक

टीव्हीवरचा रवळू म्हणाला, "आमच्या गावाला रस्ताच न्हाय," आणि समोर सोफ्यावर बसलेल्या रवळूच्या घशात चहाचा घोट अडकला.

रविवारची सकाळ. अकराला भाग सुरू झाला तेव्हा शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं घरात दाटीवाटीनं बसली होती. रानावनात रत्नं खणून काढणाऱ्या माणसांची ही मालिका. आजच्या भागात खानापूर तालुक्यातलं जंगल, आणि गुंजीच्या पलीकडल्या खेड्यातला एक गरीब शेतकरी, रवळू. गरीब हा शब्द निवेदकानं पहिल्या पाच मिनिटांत तीनदा वापरला.

रवळू गरीब नव्हता. डिसेंबरात शूटिंगवाले आले तेव्हा त्यांच्या दिग्दर्शिका ऋतिका मॅडम त्याच्या दारात गाडीतून उतरल्या, त्या डांबरी रस्त्यावरच. त्यांनी दुमजली घर बघितलं, ट्रॅक्टर बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, हे फारच बरं आहे हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला दुर्गम पाहिजे."

रवळूला टीव्हीत दिसायची भारी हौस. "करू की दुर्गम," तो म्हणाला.

मग दोन दिवस दुर्गम करण्यात गेले. ट्रॅक्टरवर गवताच्या पेंढ्या रचल्या. गच्चीवरची डिश उतरवली. म्हशी बाहेर काढून गोठा सारवला आणि तेच रवळूचं घर ठरलं. शूटिंग चाललं असताना म्हशी कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहून आपल्या घराकडे बघत होत्या. राजाबाईला, म्हणजे रवळूच्या बायकोला, फाटकं लुगडं नेसायला सांगितलं. घरात फाटकं निघेना. तेव्हा तिचं शहापूरच्या हातमागावरचं चांगलं लुगडं पदराला टराटरा फाडलं. त्यानंतर चार दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही.

माणिक आलं ते मॅडमच्या पर्समधून. ते ओढ्यात पुरायचं आणि रवळूनं उकरून काढायचं. तेरा वेळा माणिक सापडलं आणि तेरा वेळा रवळू लग्नात फोटो काढल्यासारखा हसला. चौदाव्या वेळी ओढ्याच्या पाण्यानं पाय इतके गारठले होते की त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तेच अश्रू आता टीव्हीवर अख्ख्या पडद्याएवढे दिसत होते. माणसं टाळ्या वाजवत होती. रवळूला मात्र निपाणी दिसत होती.

निपाणीत आण्णाप्पा होते, तंबाखूचे व्यापारी. त्यांची मुलगी रूपाली रवळूच्या मुलाला, स्वरूपला, पसंत पडली होती. तिलाही तो आवडला होता. आता पुढच्या रविवारी ती मंडळी घर बघायला येणार होती. मुलगी बघायला गेला तेव्हा रवळूनं त्यांच्या बैठकीत मांडी ठोकून सांगितलं होतं, दुमजली घर हाय, ट्रॅक्टर हाय, रस्ता पार उंबऱ्यापर्यंत डांबरी. आणि आज तोच रवळू गोठ्यात उकिडवा बसून साऱ्या मुलखाला सांगत होता की बाजाराला जायचं तर आम्ही चार डोंगर तुडवतो.

"आप्पा, हे मला बोलला न्हाईसा," स्वरूप हळूच म्हणाला. तो बेळगावात बँकेत नोकरीला. शूटिंगच्या दिवसांत तो घरी आलाच नव्हता.

"एवढं सगळं दाखवतील असं मला तरी कुठं म्हाईत?" रवळू म्हणाला.

जाहिरात लागली आणि फोन वाजला. फोनवर नाव आलं, आण्णाप्पा निपाणी. रवळूनं फोनकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि तो तसाच बसून राहिला. फोन वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजायला लागला.

"उचला," राजाबाई म्हणाली. "लुगडं गेलं ते गेलं. पोराचं लगीन तरी वाचवा."

रवळू फोन घेऊन घरामागच्या परड्यात गेला.

"पावणं, बघितला काय कार्यक्रम?" आण्णाप्पांचा आवाज दबका होता. शेजारी कुणी ऐकू नये तसा.

रवळूला वाटलं, त्यांनी काही बोलायच्या आत आपणच सांगून टाकावं. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "पावणं, खोटं हाय त्ये समदं. रस्ता हाय, चांगला डांबरी हाय. दिवसातनं दोनदा बस येती. त्ये आमचं घर न्हवं, म्हशींचा गोठा हाय. माणिक बी त्या बाईंच्या पर्समधलं. मला टीव्हीत दिसायची हौस, दुसरं कायबी न्हाय. माझ्या येडेपणापायी पोराला नकार दिऊ नकासा. पोरगा लई चांगला हाय. माझ्यावर गेला न्हाय."

पलीकडे निपाणीतल्या घरात कुकरची शिट्टी झाली. एक झाली, दुसरी झाली. रवळूनं डोळे मिटून घेतले. इतकं बोलायला नको होतं, असं त्याला वाटून गेलं.

आण्णाप्पांनी घसा साफ केला.

"पावणं, पुढच्या रविवारी अकराला आमी तुमच्याकडंच असणार. तेवढा अर्धा तास टीव्ही बंद ठेवशीला काय?"

"ठेवतो की. पर का ओ?"

"पुढच्या भागात तुमचं माणिक हिसकावून पळतोय," आण्णाप्पा म्हणाले, "तो दरोडेखोर मी हाय."