मागच्या सीटवरचा ब्रेक

"ब्रेक! अहो आई, ब्रेक! मधला! मधला!"

गाडी कचकन थांबली. तिघांची डोकी पुढे गेली आणि मागे आली. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं कान खाजवत बसलं होतं. त्याने गाडीकडे एकदा पाहिलं आणि दुसरा कान खाजवायला घेतला.

"दिसलं होतं मला," सासूबाई म्हणाल्या.

"दिसलं होतं तर काय टायरला चिकटवून घरी न्यायचं होतं?"

सून मागच्या सीटवर बसली होती, आणि खरा राग त्याचाच होता. ड्रायव्हिंग स्कूल नवरा-बायको दोघांचं, पण शिकवायची ती. नवरा ऑफिस सांभाळायचा. शिकणारे तिला पाठीमागे भोंगा म्हणायचे. ती 'क्लच!' म्हणून ओरडली की शेजारच्या गल्लीतल्या गाड्यांचे गिअर आपोआप बदलायचे. सिग्नलचा पिवळा दिवा घाबरून लाल व्हायचा. तो भोंगा मध्ये बरेच महिने बंद पडला. जेवण नको, झोप नको, बोलणं नको. शेवटी सासूबाईंनीच तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या आणि वर बजावलं, "गुंगी आहे तोवर गाडी चालवायची नाही. शिकवायचंही नाही."

म्हणून तिच्या सीटवर, जिथे शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक असतो तिथे, आता नवरा होता. स्टिअरिंगवर शिकाऊ सासूबाई. आणि ती मागे, कुणीतरी पोचवायला दिलेल्या पार्सलसारखी. चालले होते डॉक्टरांकडेच. गोळ्यांची पट्टी तिच्या मुठीत चुरगळली होती.

"त्यांच्या टेबलावर आपटणार आहे मी ही. तोंडात नुसता भुसा भरलाय! जिभेवर काडी ओढली तर पेटेल. पाणी प्यावं तर मळमळतं. आणि जांभया! काल बँकेत मी एवढा मोठा आ केला, की ती काउंटरवरची बाई खुर्ची घेऊन मागे सरकली. हात थरथरतो तो वेगळाच. कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर. एक आजार घेऊन गेले होते, त्यांनी वर चार फुकट दिले!"

"अगं, सुरुवातीला होतं असं," नवरा हळूच म्हणाला. "ते म्हणालेच होते, काही आठवडे कळ काढावी लागेल, मग..."

"मग तुम्ही काढा ना कळ! तुम्ही घ्या गोळी! आणि आत्ता तुमचा पाय कुठे होता? ब्रेकवर होता की सुट्टीवर?"

नवऱ्याने पाय मुकाट्याने जागेवर आणला. कुत्रं उठून गेलं. सासूबाईंनी गाडी दोन गचके देऊन सुरू केली, उजवीकडे वळल्या आणि इंडिकेटर डावा दिला.

"वा! मागच्याने काय पत्रिका बघून ओळखायचं, तुम्ही कुठे वळणार ते?"

आरशात तिला सासूबाईंचे डोळे दिसले. त्या हसत होत्या. चांगल्या खुशीत, गालाला खळी पडेपर्यंत.

तिच्या डोक्यात सणक गेली. इथे माणूस आतून कोरडं पडलंय आणि यांना हसू येतंय!

"बास! डॉक्टरही नको आणि काही नको. आजपासून गोळी बंद. इथेच फेकते." तिने काच खाली केली आणि पट्टीसकट हात बाहेर काढला.

सासूबाईंनी आरशात पाहिलं, बरोबर इंडिकेटर दिला आणि गाडी इतकी अलगद कडेला लावली की नवरा आईकडे बघतच राहिला. हँडब्रेक ओढून त्या मागे वळल्या.

"गोदामाची भिंत आठवते का गं तुला?"

तिचा हात बाहेरच राहिला. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी गाडी शिकताना गोदामाच्या भिंतीवर घातली होती. 'पाय चुकला, म्हातारीचा पाय तो,' असं त्यांनीच सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं. शेजारच्या सीटवर सून होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या पायाखाली ब्रेक होता आणि तो पाय जागचा हलला नव्हता, हे फक्त तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

"आई, तू तर म्हणाली होतीस की..." नवरा म्हणाला.

"तू पुढे बघ," सासूबाई त्याला म्हणाल्या. गाडी उभी होती, तरी तो पुढे बघू लागला.

"आज साधं कुत्रं आडवं आलं, तर तू मागच्या सीटवरून गाडी थांबवलीस. माझ्या पाठीत अजून तुझा पाय रुतलाय. त्या डॉक्टरला सगळं ऐकव. तोंड, मळमळ, जांभया, काही सोडू नकोस. वेळ बदला म्हणावं, गोळी बदला म्हणावं. टेबल आपटायचं असेल तर एका बाजूने मी धरते. पण आपल्या मनाने बंद करू नकोस."

तिने हात आत घेतला. पट्टी मुठीतच होती. राग मात्र अजून जायला तयार नव्हता.

"मग तेव्हाच का नाही बोललात? चांगलं फैलावर घ्यायचं होतं मला!"

"कुणाला घेणार होते गं? भिंत अंगावर येत होती, मी किंचाळत होते, आणि तू तिच्याकडे बघत होतीस, माहेरचं माणूस न्यायला आल्यासारखी."