तार आवळायचा दिवस

बोळक्या तोंडाचे मुंजाजी भुरके मारत जेवायचे; सुनेला किळस यायची, म्हणून त्यांचं ताट ओसरीवर वेगळं असायचं. महिन्यातून तीन दिवस मात्र त्यांना सोबत मिळायची. हिंगोलीच्या दवाखान्यात दातांची तार आवळली की नातीचा जबडा ठणकायचा. डॉक्टर मऊच खायला सांगायचे. मग ती आजोबांच्या ताटाशी बसायची. ते वरणात भाकर चुरायचे आणि दोघं खुशाल भुरके मारायची. आज तार आवळायचा दिवस. जीप थांबल्याचा आवाज येताच मुंजाजींनी दोघांपुरता काला केला. नात पेरू खातच ओसरीवर आली. "लय दुखून राहिलं का, लेकरा?" "न्हाई आबा! तार काढली. आता कधीच दुखणार न्हाई." पेरूचा कचकन चावा घेत ती घरात पळाली. "बरं झालं," मुंजाजी म्हणाले. ताट पुढ्यात ओढून त्यांनी पहिला घास आवाज न करता गिळला.